गुरांनंतर, कलमांआधी

गुरांपर्यंत मी व्यवस्थित यायचे. देवाला हाक मारायची, घराण्याच्या मूळपुरुषाला नमस्कार करायचा, मुंबईला असलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची, मग गोठ्यातली गुरं. इथवर तोंडातून शब्द कसे उतारावरून पाणी जावं तसे जायचे. आणि गुरं संपली की तोंड उघडंच. पुढे हापूसची कलमं येतात हे काय मला माहीत नव्हतं? कलमं, मग भातशेती, मग दारात येणारा-जाणारा, मग शेवट. सगळं पाठ. पण गुरं आणि कलमं यांच्या मधोमध माझी जीभ रोज त्याच जागी ठेचकाळायची. आमच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, एक चिरा हलतो, तो हलतो हे माहीत असूनही पाय नेमका त्याच्यावरच पडतो, तसं.

तुम्ही इकडचे नसाल तर आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे गणपती बसला, पूजा झाली, की नैवेद्याच्या आधी घरातला मोठा माणूस देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि मोठ्यानं देवाशी बोलतो. संस्कृत नाही, पोथी नाही, आपली घरातली भाषा. सगळ्या घराच्या वतीनं बोलायचं. अमक्याला नोकरी दे, तमकीचं बाळंतपण सुखाचं कर, भाताला कीड लावू नकोस. दर वाक्याला मागे बसलेली सगळी म्हणतात, होय महाराजा. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात आलं तो घरातला. मग तो कुवेतला असो नाहीतर डोंबिवलीला. त्या घटकेला तो तिथं ओटीवर बसलेलाच असतो.

आमच्या घरात हे काम ह्यांचं. ह्यांचा आवाज म्हणजे विहिरीत भरलेली घागर बुडावी तसा, खोल, गोल. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची, हाताला तांदळाचं पीठ, मागे मोदकपात्राची वाफ. त्या वाफेतून मला ह्यांची पाठ दिसायची, आणि पाठीच्या पलीकडे गणपतीचा मुकुट. इतकी वर्षं मी देव असा वाफेतूनच बघितला. अजून डोळे मिटले की तो थोडा हलतो.

गाऱ्हाण्यात माझी जागा ठरलेली होती. हे म्हणायचे, "गोठ्यातल्या मुक्या जिवांना सांभाळ महाराजा, आणि त्यांच्यामागे राबणारी ही तुझी लेक, हिला सांभाळ महाराजा." मग लगेच कलमं. म्हणजे बघा, गुरांनंतर आणि आंब्यांच्या आधी मी! नवीन होते तेव्हा मी रुसले होते.

"गुरांच्या मागे माझा नंबर?" मी म्हटलं.

"गुरं बोलत नाहीत, म्हणून त्यांचं आधी," हे म्हणाले. "तू काय, देवाच्या कानाशी बारा महिने असतेसच."

"आणि आंबे तरी माझ्या मागे का?"

"आंब्यांनी तक्रार केली नाही अजून."

असं हसण्यावारी न्यायचे. पण आणखी एक रीत होती आमच्या घरात. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांसाठी मागायचं, आपल्याला सोडून. त्यामुळे ह्यांचं नाव कधीच यायचं नाही. मग मी काय करायची, दाराशी उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, आणि ह्यांनाही, महाराजा. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पण एक माणूस बाहेर राहिल्यासारखं वाटायचं, पावसात.

हे गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. गेल्या वर्षी वाडीतल्या एका चुलत दिरांनी येऊन गाऱ्हाणं घातलं. चांगलं घातलं, पण पाहुण्यासारखं. यंदा तेही मुलाकडे पुण्याला गेले.

आषाढात एका दुपारी मी पाट पुसत बसले होते. हा पाट म्हणजे आमच्या गणपतीचा. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घरातला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा. शाळा म्हणजे मूर्ती घडवतात ती जागा. तिथं त्या पाटावरच मूर्ती घडते आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. पाट दिला म्हणजे घरात गणपती येणार हे ठरलं. मी खोबरेल लावून लाकूड चोळत होते, तेवढ्यात भावोजींचा फोन आला. भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, मुंबईला असतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जायचे, म्हणून अजून मला तू म्हणतात.

"वहिनी, पाट दिलास काय शाळेत?"

"पुसतेय. उद्या देईन."

"देऊ नकोस इतक्यात. मी काय म्हणतो, गणपती यंदापासून इकडे आणू या."

"इकडे म्हणजे?"

"इकडे, माझ्याकडे. अगं, दादा नाही. गाऱ्हाणं कोण घालणार? मला ते जमत नाही, पोरांना तर नाहीच नाही. इथं सोसायटीत गुरुजी येतात, सगळं नीट होतं. तूही ये. तिकडचं घर काय, आपलं…"

पुढचं ते बोलले नाहीत. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण मला ऐकू आलं. घर काय, आपलं कुलूप लावून ठेवू. आमच्या घरात वर्षातून एकदा सगळी जमतात ती त्या पाटासाठी. पाट गेला की कोणी येणार नाही, आणि कोणी येणार नाही म्हटल्यावर म्हातारी एकटी तिथं कशाला, असा विषय निघणार. माझ्या मुलाचं घर चांगलं आहे. सून मायेची आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथं मी बोलले की आवाज भिंतीला लागून माझ्याकडेच परत येतो. इथं मी बोलते ते जास्वंदीला ऐकू जातं, गाईला जातं, वाऱ्यानं खाडीपर्यंत जात असेल.

"मी घालीन," मी म्हटलं.

कोण बोललं ते मलाच कळेना. मी हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"काय घालशील?"

"गाऱ्हाणं."

फोनमध्ये गाड्यांचा आवाज येत राहिला. मग भावोजी म्हणाले, "वहिनी, तू?" त्यात हसणं नव्हतं, हे मात्र सांगते. पुढे म्हणाले, "बरं. यंदा बघू. पण अर्धवट झालं, देवापुढे गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षीपासून मुंबई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पाट डोक्यावर घेऊन शाळेत देऊन आले. मन बदलायच्या आत.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, एवढं कशाला? मी मोबाइलवर एक गाऱ्हाणं शोधतो, ते वाचून दाखवतो."

"दुसऱ्याच्या घरचं गाऱ्हाणं? त्यात आपली गाय असेल काय?"

"गाय आपण बदलू ना."

"मग मला पण बदल," मी म्हटलं. तो हसला, पण फोन ठेवताना म्हणाला, "बघ हं आई, सगळी असतील समोर."

सगळी असतील. तेच तर. माझा आवाज बारीक आहे, आणि धारदार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात कोंबड्यांना हाक मारली, ती वाडीच्या टोकाला ऐकू गेली. तिथं ह्यांच्या काकी राहायच्या, अजून राहतात, वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. त्या तिथूनच ओरडल्या, "कोणाकडे टिटवी आली गो?" झालं. टिटवी नाव पडलं ते पडलं. मी बडबडी आहे, पण ती कोंबड्यांशी, भाजीशी, शेजारणीशी. चारचौघांत देवापुढे मी गप्प. आरतीला मी इतकी वर्षं नुसते ओठ हलवलेत. झांज मात्र जोरात वाजवायची, म्हणजे कोणाला कळू नये.

काकींच्या कानावर गेलंच. पाखाडीवर गाठलंन मला काठी आडवी करून.

"ऐकलं ते खरं काय गो?"

"काय ऐकलंत, काकी?"

"बाईमाणूस गाऱ्हाणं घालणार, आणि त्यात टिटवी. गणपतीला उंदरावर बसून पळायला लागेल."

"पाटावर बसवू ना घट्ट," मी म्हटलं. पण घरात शिरले ती चपलेसकट.

मग सुरू झाला माझा सराव. श्रावणातल्या सकाळी. श्रावणात आमच्याकडे उजाडतं ते हिरवंच उजाडतं. कौलांवर शेवाळ, कुंपणाच्या दगडी गडग्यावर शेवाळ, हवेत पण शेवाळ असावं असा वास. ऊन येतं, जरा टेकतं, पाऊस आला की उठून त्याला जागा देतं. तेरडा फुललेला असतो. अशा वेळी मी गोठ्याच्या दाराशी उभी राहायची. गाय रवंथ करत असायची, तिचं वासरू माझ्या पदराचं टोक चघळत असायचं. मी हात जोडायची आणि आवाज खाली न्यायची. खाली, अजून खाली. ह्यांच्यासारखा. घागर बुडल्यासारखा.

"हे बा गणराया महाराजा…"

गाईनं पहिल्या दिवशी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरायची नाही.

डोळे मिटून बोललं की कधीकधी खरंच वाटायचं की हे बोलतायत आणि मी दाराशी आहे. वाफ येतेय. हाताला पीठ आहे. मग मीच बोलतेय की ऐकतेय, हे कळायचं नाही. तेवढं मात्र गोड असायचं. मूळपुरुष झाले, मुंबईवाले झाले, गुरं झाली, आणि अडकले. ती वाफ जायची. समोर गाय, शेण, पावसाचं पाणी.

"घसा बसलाय काय गो बाय?" एके सकाळी गडग्यापलीकडून आवाज आला.

गडग्यापलीकडे भाभी राहते. तिचा नवरा बरीच वर्षं आखातात होता, आता दोघं इथंच असतात. माझ्या घरचे मोदक आणि तिच्या घरची ईदची शेवई याच गडग्यावरून इकडे-तिकडे जातात, दगडांना सवय झालीय.

"घसा बरा आहे," मी म्हटलं.

"मग पुरुषासारखं काय बोलतेस? मला वाटलं घरात कोणी आला. मी डोक्यावर पदर घेतला."

मी हसले, आणि मग सगळं सांगितलं. पाट, भावोजी, काकी, टिटवी. तिनं हनुवटी गडग्यावर टेकवली आणि ऐकलं. शेवटी म्हणाली, "रोज ऐकते मी. गुरांपाशी अडकतेस."

"तुला कळलं?"

"बाय, आता मला पण पाठ झालं. रोज गुरं आली की मी म्हणते, आता थांबणार. आणि थांबतेसच."

त्याच आठवड्यात डोळे दाखवायला रत्नागिरीला गेले होते. एस.टी.ला वेळ होता, म्हणून रिक्षा करून मांडवीला जाऊन बसले. दुपारची वेळ, जेट्टीवर फारसं कोणी नव्हतं. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे समुद्र सगळा विरघळलेला. पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. होड्या हवेत तरंगत होत्या. अशा वेळी माणसाला वाटतं की आपणही जरा पातळ झालोय. मी उभी राहिले आणि म्हटलं, चला, इथं. समुद्रापुढे माझा आवाज कितीसा? मोठ्यानं सुरू केलं. दोन मुली शेजारून गेल्या, त्यांनी वळूनही बघितलं नाही. आजकाल एक बरं आहे, माणूस एकटं बोललं तरी लोकांना वाटतं फोनवर आहे. मूळपुरुष, मुंबईवाले, गुरं. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. मी तोंड उघडं ठेवून उभी. लाटांना काय, त्या थांबायला तयार होत्या.

घरी आल्यावर भाभीला सांगितलं, "समुद्रापुढे पण अडकले."

ती शेवग्याची पानं निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिथं आधी काय होतं?"

"कुठं?"

"गुरांनंतर. तुझा माणूस काय म्हणायचा तिथं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मलाच कळलं. किती सोपं होतं! इतके दिवस मी शब्द शोधत होते आणि तिथं शब्द नव्हताच, माणूस होतं.

"तिथं मी होते," मी म्हटलं.

"मग?"

"आता कशी असणार? गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःचं नाव घ्यायचं नसतं. रीत आहे."

"मग तुझं कोण घेणार?"

ह्यांचं मी घ्यायची, दाराआडून. माझ्यासाठी दाराआड आता कोण? तिनं पानं बाजूला सारली. म्हणाली, "मी सांगू? रागावू नको. तुझं सगळं दे, दे, दे असतं. हे दे, ते दे. आम्ही दुआ मागताना आधी शुक्र करतो, आभार मानतो. जे आहे ते आहे म्हणून सांगायचं त्याला. मागणं मग. स्वतःसाठी मागायचं नसेल तर नको मागू. शुक्र करायला कोण नको म्हणतंय?"

एवढं बोलून ती उठून चुलीवरचं बघायला गेली. शेवग्याची पानं तिथंच. मी गडग्याशी किती वेळ उभी होते कोण जाणे. संध्याकाळ होत होती. भातखाचरात पाणी साचलेलं, त्यात आभाळ उतरलेलं, आणि बांधावर एक खरीखुरी टिटवी ओरडत होती. ऐकत राहिले. खणखणीत ओरडत होती बाई. तिला वाटत असेल खाचर आपलं आहे.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले ती हात न जोडता. गाईची पाठ खाजवत नुसती बोलत सुटले, जशी रोज तुळशीला पाणी घालताना देवाला गावच्या बातम्या सांगते तशी. म्हटलं, महाराजा, यंदा गाय आजारी नव्हती, बरं केलंस. वासरू द्वाड आहे, पण उड्या मारतंय. मुलाची नोकरी गेली होती, दुसरी लागली, पहिलीपेक्षा लांब आहे पण लागली. भावोजींची साखर वाढलीय, ते मानत नाहीत, तू बघतोसच. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी अडखळत नाहीय. मागायला मला ह्यांचा आवाज लागत होता. सांगायला माझा पुरत होता. सांगण्यात मी लहानपणापासून हुशार.

गडग्यापलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

त्या एका जागेवर मात्र मी अजून काही ठेवलं नव्हतं. गुरं झाली की एक श्वास घ्यायची आणि कलमांकडे जायची. पडायचं थांबले होते, एवढंच. उडी मारून जात होते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळी आली. भावोजी, जाऊबाई, मुलगा, सून, नातवंडं. घराचा आवाजच बदलला. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला कवंडळं बांधली, हरणाची पिवळी फुलं, सुपारीचे घोस, आंब्याचे टहाळे. सकाळी गणपती पाटावर बसून आला. डोळे यंदा थोडे बाजूला बघणारे, जसं कोणीतरी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघावं. मला बरं वाटलं ते.

पूजा झाली. काकींना आणून भिंतीला टेकून बसवलं होतं. त्या म्हणाल्या, "नारळ पोरगा ठेवू दे. बोलायचं ते ती बोलेल, आता ठरलंच आहे तर." मुलानं नारळ ठेवला. मोदक जाऊबाई बघत होत्या. मी पहिल्यांदाच वाफेच्या अलीकडे उभी राहिले. देव एवढा स्पष्ट दिसला की मी दचकले. मातीवर रंगाचा एक ओघळ होता कानाजवळ, तोही दिसला.

आणि काय झालं बघा. मागे सगळी बसली, खोकणं थांबलं, आणि मी घाबरून पुन्हा खालचा आवाज लावला. ह्यांचा. "हे बा गणराया महाराजा, आज या घराला तुझे पाय…" आणि आवाज फाटला. अगदी चिंधी फाटावी तसा. धाकट्या नातीला हसू फुटलं, तिच्या आईनं तिला दाबलं. भावोजींनी खाली बघितलं. काकी पुटपुटल्या, "टिटवी."

माटवीवरच्या ओल्या टहाळ्यातून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला, गार. त्याच्याकडे बघत मी म्हटलं, आता पाट जाणार. घर जाणार. तो थेंब घरंगळत कोपरापर्यंत आला. आणि का कोण जाणे, मला गाय आठवली, पहिल्या दिवशी तिनं कसं बघितलं होतं ते. मला हसूच आलं. देवापुढे.

मग मी माझ्या आवाजात म्हटलं, "महाराजा, तो आवाज माझा नव्हता. आता माझा ऐक."

मी हात पुन्हा जोडले.

"महाराजा, तू आलास, घर भरलं."

"होय महाराजा," दोन-चारजण म्हणाले, चाचरत.

"या घरात पहिला दिवा लावणाऱ्या मूळपुरुषाचं नाव तू वर्षानुवर्षं राखलंस. मुंबईला गेलेल्यांना तू सांभाळलंस, सणाला वाट दाखवलीस. लेकाची नोकरी गेली, तू दुसरी दिलीस. लांब आहे, पण दिलीस."

"होय महाराजा." आता सगळी.

"भावोजींची साखर वाढलीय, ते मोदक मोजून खात नाहीत, त्यांना सुबुद्धी दे, महाराजा."

"होय महाराजा!" यात जाऊबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा आला, आणि ओटीवर हशा झाला. मी पुढे बोलत राहिले, नातवंडं, परीक्षा, सुनेची पाठदुखी. "गडग्यापलीकडच्या घरालाही सुखी ठेवलंस, तसंच ठेव." सुचत होतं तसं बोलत होते. "गोठ्यातले मुके जीव तू राखलेस, गाय दूध देते, वासरू पदर खातं, तुझी कृपा आहे."

"होय महाराजा."

आणि आली ती जागा. मी श्वास घेतला. उडी मारायची होती, कलमं समोर दिसत होती. पण पाय उचलेना. म्हणून मी तिथंच उभी राहिले आणि बोलले.

"आणि महाराजा, गुरांच्या मागे आणि कलमांच्या पुढे एक बाई उभी असते. तिचं नाव आजवर दुसरं माणूस घ्यायचं. ते माणूस आता तुझ्याकडे आहे, त्याला बरं ठेव. ही बाई मी रोज बघते. आवाज टिटवीचा आहे, तो तूच दिलास. गुडघे कुरकुरतात, तरी चालवून घेते. बडबड फार करते, ती तू ऐकून घेतोस. हिच्यासाठी आज काही मागत नाही. तू जशी पाठवलीस तशी ही मला पोचली, एवढंच सांगते. बरी आहे. माझं हिच्याशी जमतं."

बोलून झालं आणि कोणी काही म्हणेना. मागणं असलं की होय म्हणायची सवय. याच्यात मागणंच नव्हतं, मग म्हणायचं काय, हे कोणाला कळेना. माझ्या कानात माझंच बोलणं राहिलं होतं. पावसाची एक सर कौलांवरून चालत गेली, पुढच्या घराकडे.

मग भिंतीकडून आवाज आला, दात नसलेला, हवेचा. "होय म्हाराजा."

काकी. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

आणि त्यांच्या मागून सगळं घर. मुलगा, सून, नातवंडं, भावोजी. तो होय इतका मोठा आला की माझ्या पाठीला लागला, वारा लागावा तसा. मी जरा पुढे झुकले. मग कलमं घेतली, भात घेतलं, दारात येणारा-जाणारा घेतला, आणि संपवलं. शेवट कसा केला ते मला आठवत नाही. जाऊबाई म्हणतात, "बस, आता मोदक थंड होतात," असं म्हणून संपवलं. म्हटलं असेन.

नैवेद्याच्या पानांवर सगळी मोदकांबद्दलच बोलली. काकींनी तेवढं ताट सरकवत म्हटलं, "तूप वाढ गो." टिटवी म्हणाल्या नाहीत. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

गौरीबरोबर गणपती गेले. पऱ्याला पाणी होतं, पुरुष कमरेपर्यंत आत उतरले. मी अंगणात थांबले होते. विसर्जनानंतर पाटावर थोडी वाळू घेऊन येतात, ती घरात ठेवायची. मला पाखाडीवरून भावोजी येताना दिसले, ओले, पाट दोन्ही हातांत आडवा धरलेला. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. बॅगा ओटीवर भरून ठेवलेल्या होत्या, आणि त्यातली एक अर्धी रिकामी, पाट मावेल एवढी. ती मी सकाळपासून बघत होते.

ते पायरीशी आले, थांबले.

"वहिनी, पाट कुठं ठेवू?"

"तुम्ही सांगाल तिथं," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? घर तुझं." मग म्हणाले, "माळ्यावर नेहमीच्या जागी ठेवतो. आणि पुढच्या वर्षी शाळेत लवकर दे. यंदा डोळे जरा तिरके आलेत."

"मला आवडले तसे."

"आवडले तर आवडले," ते म्हणाले, आणि शिडी आणायला गेले. जाता जाता वळून म्हणाले, "त्या साखरेचं तेवढं पुढच्या वर्षी नको हं वहिनी. चारचौघांत."

"बघू," मी म्हटलं. "तुम्ही वर्षभर कसे वागता त्यावर आहे."

सगळी गेली. घर पुन्हा हलकं झालं, आपल्या जागी बसलं. मी विसर्जनाच्या दिवशीच्या राहिलेल्या मोदकांची ताटली घेऊन गडग्याशी गेले. भाभीनं हात लांब केला.

"अडकलीस?"

"अडकले."

"मग?"

"मग तिथंच उभी राहिले."

तिनं मोदकाचं नाक मोडून तोंडात टाकलं आणि मान हलवली, मीठ-तिखट बरोबर झालंय असं सांगताना हलवते तशी. गोठ्यात वासरू ओरडायला लागलं. त्याला बघायला हवं होतं, म्हणून मी निघाले. पाठीमागे कलमांत वारा होता, आणि पुढे गुरं. मधल्या चार पावलांत मी उगीचच सावकाश चालले.